उर्दूतल्या जरीनाचं पुढं काय झालं

शिरूरच्या ज्या गल्लीत हमीदा मणेरीण राहते, तिथल्या शेजारणी तिच्याविषयी एक वाक्य नेहमी म्हणत : "हमीदाला नवरा नगं, तिला शिरियल लावून द्या." या म्हणण्यात दुष्टावा नव्हता. दिवेलागणीच्या वेळी तिच्या दारावरून जाताना आतून उर्दू संवाद ऐकू येत, मोबाईलच्या निळसर उजेडात तिचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसे आणि शेगडीवरचं दूध उतू जाण्याच्या बेतात असे. भिंतीला भिंत लागून राहणारी तिची धाकटी जाऊ सुफिया मग आपल्या घरातूनच ओरडे, "भाबी, दूध!" हमीदा उठे, गॅस बंद करी आणि पुन्हा त्या पाण्याखाली जाऊन बसे.

धंदा बांगड्यांचा. सासूच्या सासूपासून चालत आलेला. पत्र्याची पेटी, वर गाठोडं आणि महिन्याची ठरलेली गावं. कारेगावात कंपनीत कामाला जाणाऱ्या मुली भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्या शिफ्ट सुटल्यावर धातूच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्या घेत. केंदुरात मात्र अजून काच चाले. तिथे दुपारी एखाद्या ओट्यावर चटई पसरली की बायका गोळा होत. हमीदा कुणाला माप विचारत नसे. समोरचीचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबायचा, बोटं जवळ घ्यायची. दोन-चार की दोन-सहा, हे तिच्या तळव्याला आधी कळे आणि तिला मागाहून. बांगड्या भरून झाल्या की बाईने मणेरणीला वाकून नमस्कार करायचा, ही रीत. वयाने मोठी असलेली बाईही तिच्यापुढे वाकायची. दिवसभर वाकून केलेले नमस्कार घेणारी ही बाई संध्याकाळी एस.टी.त मात्र उभ्यानेच परत येई.

तिच्या स्वतःच्या मनगटात काही नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "काचेला काच लागली की गिऱ्हाइकाचं नुकसान." कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा भांडगावजवळ महामार्गावर टेम्पोच्या अपघातात गेला, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. त्यानंतरची दोन वर्षं तिला एकाही घराने नवरीचा चुडा भरायला बोलावलं नाही. रोजच्या बांगड्या भरून घ्यायला हरकत नव्हती. हिरवा चुडा मात्र विधवेच्या हातून नको, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, नुसतं बोलावणंच आलं नाही. शेवटी पहिलं बोलावणं आलं ते केंदूरच्या बानूबाईकडून, नातीच्या लग्नात. "चुडा काचंचा आस्तो. भरनारीच्या नशिबाचा न्हाई," एवढंच बानूबाई चारचौघींत बोलली. त्या एका चुड्यानंतर बाकीची घरं हळूहळू आली.

बानूबाई आता पंचाहत्तरीला टेकलेली. तिचं तरुणपण मेंढरांमागे चालण्यात गेलं. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा तांडा, निघे तो कोकणापर्यंत. आता मुलाने, म्हस्कूने, मेंढरं विकून कांदा धरला होता आणि म्हातारी ओट्यावर बसून होती. नवरा जाऊन तीस वर्षं झालेली. तिला बांगड्या भरायच्या नसत. तरीही हमीदाची चटई पडली की ती काठीच्या आधाराने येई आणि चटईच्या कडेला, पाय पसरून, डोळे मिटून बसे. ती गोष्टीसाठी येत असे.

कारण हमीदा बांगड्या भरताना मालिका सांगे.

मालिका उर्दू होती, कराचीतली. हमीदा ती मराठीत सांगे, आपल्या मराठीत, आणि मधूनच एखादा उर्दू शब्द सुटा ठेवी. कुणाला त्याचा अर्थ विचारावासा वाटत नसे, तो पदार्थातल्या वेलदोड्यासारखा चघळायचा असे. कथेत जरीना नावाची एक गरीब मुलगी होती. मुलगी म्हणायचं एवढंच, पस्तिशी उलटलेली. आईबाप गेल्यावर शिवणकाम करून तिने दोघे भाऊ वाढवले, त्यांची लग्नं केली आणि आता त्यांच्याच घरातल्या जिन्याखालच्या खोलीत तिचं मशीन चाले. वर गच्चीवरच्या खोलीत एक भाडेकरू होता, वकार, तिच्याहून बराच लहान, गल्लीतली मुलं शिकवून पोट भरणारा. त्याने जरीनाला लग्नाचं विचारलं होतं. भाऊ संतापले होते, वहिन्या हसल्या होत्या.

"तिकडं समुद्र हाय म्हंत्यात," कस्तुराबाई विचारी. कस्तुराबाई पन्नाशीची, आवाजाने मोठी, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात तिचा शब्द चाले.

"हाय ना. जरीनाच्या खिडकीतनं दिसतो."

"घोडनदीएवढा?"

"घोडनदीला दुसरा काठ हाय, कस्तुराबाई. त्याला न्हाई."

दुपारचं ऊन ओट्यावर तिरपं येई, पेटीतल्या काचेतून जाई, आणि चटईवर, लुगड्यांवर, कुणाच्या पायाच्या भेगांवर हिरवे-तांबडे डाग हलत राहत. दुसरा काठ नसलेलं पाणी केंदूरच्या त्या बायकांनी पाहिलं नव्हतं. हमीदानेही नव्हतं. पण त्या दुपारी तिथे कुठेतरी ते असे, आणि बानूबाईचे मिटलेले डोळे त्याच्याकडे बघत असल्यासारखे वाटत.

त्या उन्हाळ्यात सीमेपलीकडच्या मालिकांवर बंदी आली आणि त्या इकडच्या मोबाईलवर दिसेनाशा झाल्या. हमीदाने एका संध्याकाळी नेहमीच्या जागी बोट लावलं आणि तिथे काहीच नव्हतं. सुफियाने नाव टाकून शोधलं, दुसऱ्या मोबाईलवर पाहिलं, नाही. शेवटच्या भागात जरीना दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. बाहेरून कुणीतरी कडी वाजवत होतं. भाऊ असेल, वकार असेल. ती तशीच उभी राहिली.

पुढच्या महिन्यात केंदुरात चटई पडली. बायका बसल्या आणि धनश्रीने, म्हणजे बानूबाईच्या नातसुनेने, हात पुढे करत विचारलं, "मावशी, दारात कोण होतं?"

हमीदा खरं सांगू शकली असती. तिने धनश्रीचा हात हातात घेतला, अंगठ्याशी दाबला आणि म्हणाली, "वकार व्हता."

तिथून पुढची मालिका हमीदाची होती.

ती वकारविषयी इतक्या सहज का बोलू शकली, त्याचं कारण मोटरसायकलवर हिंडत होतं. सुभान नावाचा दौंडचा एक माणूस कारेगावच्या बेकरीत भट्टीवर होता आणि सकाळी पाव, बटर, टोस्ट घेऊन आसपासच्या गावांतून फिरे. वय तेहतीस. आई आणि थोरला भाऊ दौंडला. हा कारेगावात एका खोलीत सहा जणांत राही. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे ती मोटरसायकल आणि तिच्या हँडलला बांधलेला रबरी भोंगा, एवढंच होतं. वर्षभरापूर्वी एस.टी.च्या गर्दीत हमीदाची पेटी टपावर टाका म्हणून कंडक्टर अडून बसला होता, तेव्हा फाट्यावर उभ्या असलेल्या सुभानने म्हटलं, "आपा, मेरे पास रख दो. पावों में कुछ टूटता नै."

तेव्हापासून पेटी पावांमधून जाऊ लागली. हमीदा एस.टी.ने किंवा वडापच्या जीपने येई, पेटी आधीच ओट्यावर पोचलेली असे. दोन्ही बाजूंनी टोस्टचे पुडे, खाली बटरची पिशवी, मधे काच. वर्षभरात एकही बांगडी वाढली नाही. बांगडी फुटली असं मणेरी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. संध्याकाळी पेटी उघडली की घरात भाजलेल्या पिठाचा वास पसरे आणि हमीदा थोडा वेळ झाकण तसंच उघडं ठेवी.

केव्हातरी सुभानने आपा म्हणणं सोडलं. त्याच्या जागी दुसरं काही तो म्हणत नसे, नुसतं बोले. हमीदाला ते लक्षात आलं तेव्हा बहुधा महिना उलटून गेला होता.

मग एका सकाळी फाट्यावर पेटी दोरीने आवळता आवळता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मैं आ जाऊँ क्या, शिरूर को? सामान जादा नै है मेरा."

हमीदाने दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. तिने ते घट्ट ओढून दिलं आणि म्हणाली, "सोच के बताती."

विचार करण्यासारखं काय होतं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. नऊ वर्षांचं अंतर तिला भिववत नव्हतं. सुफिया हसेल, चार दिवस हसेल. नवरा बायकोच्या घरी राहायला आला म्हणून गल्लीत बोलतील, तेही विरेल. तिला भीती होती ती मनगटांची. एकदा गेलेली मनगटं परत मिळायला तिला दोन वर्षं लागली होती. उद्या केंदुरात कळलं, की चुडा भरणारी बाई चाळिशीनंतर, आपल्याहून लहान बेकरीवाल्याला घरात घेऊन बसली, तर नवरीचा हात तिच्यापुढे कोण करील? आणि मणेरणीपुढे हात आला नाही, तर ती कोण? नुसती पेटी घेऊन हिंडणारी एक बाई. हे कुणाला विचारावं, हे तिला कळत नव्हतं. म्हणून तिने ते जरीनाला विचारायला लावलं.

तिच्या मालिकेतली कराची हळूहळू बदलली. तिथे आठवडी बाजार भरू लागला. समुद्र राहिला, पण त्याच्या अलीकडे उसाच्या गाड्या जाऊ लागल्या. वकारने मुलं शिकवणं सोडलं.

"आता काय करतोय मग त्यो?" कस्तुराबाईने विचारलं.

"बेकरीत लागला. शिकवन्यात पोट भरंना."

"बरं केलं. मास्तरापेक्षा बेकरीवाला बरा, सकाळचा च्या तरी कोरडा जात न्हाई."

बानूबाईने डोळे उघडले, हमीदाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

दोन फेऱ्या गोष्ट अशी तरंगत राहिली. वकार जरीनाच्या शिवलेल्या कपड्यांची गाठोडी पोचवू लागला. पाऊस आला तर स्वतः भिजे, गाठोडं भिजू देत नसे. तिसऱ्या फेरीला हमीदाने कस्तुराबाईचा हात हातात घेतला, पहिली बांगडी सरकवली आणि जरीनाचा प्रश्न बायकांपुढे टाकला : त्याने म्हटलंय, लग्न करून मी तुझ्या खोलीत राहायला येतो. जरीनाने काय करावं?

"कितीनं ल्हान म्हनलीस?" कस्तुराबाई.

"नऊ."

"नऊ वर्सं! आगं, त्याला नांदवायचं का न्हाऊ-माखू घालायचं?"

ओटा हसला. हमीदाही हसली.

"प्रेम आहे त्यांचं," धनश्री म्हणाली. ती बी.ए. झालेली होती आणि अजून नवी होती.

"पिरेम हाय तर लांबनं करावं की. गच्ची व्हतीच. आन् बाईच्या घरात येनार म्हंजी काय, भाड्यानं ऱ्हानार का?"

"काकू, तुमचं आपलं काहीतरीच."

"काहीतरी न्हाई. जरीनानं न्हाई म्हनावं. न्हाई म्हनली तरच गोडी. व्हय म्हनली तर मग रडायचं कवा?"

आणखी एक-दोघींनी मान हलवली. रडण्याचा मुद्दा खरा होता. त्यासाठीच तर त्या बसत होत्या.

हमीदाने दुसरी बांगडी घेतली. तिचा आवाज होता तसाच राहिला. "समजा, केलं तिनं लगीन. मग तिचं काम? ती शिवते ना. नवरीचं कापड तिच्याकडं कोन टाकील का?"

कस्तुराबाईने क्षणभरही वेळ घेतला नाही. "नवरीचं? शुभकार्याचं? न्हाई बाई. बाकीचं काय बी टाकू. नवरीचं दुसरीकडं देऊ."

"व्हय," हमीदा म्हणाली, "मीबी तेच म्हनते." आणि तिने उरलेल्या दहा बांगड्या एकीमागून एक, न दुखवता, भरल्या. कस्तुराबाईने वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळी फाट्यावर हमीदाने पेटी स्वतःकडे ठेवली. सुभानला म्हणाली, "नै. और पेटी भी अब मैं ही ले जाऊँगी." त्याने टोस्टचा एक पुडा पेटीवर ठेवला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. तिने तो पुडा सुफियाच्या मुलांना दिला. घरी आल्यावर पेटी उघडली तेव्हा तिला नुसत्या काचेचा वास आला. काचेला वास नसतो. तोच आला.

पुढच्या फेरीत तिने जरीनाला नाही म्हणायला लावलं. ओट्यावर तीन जणींनी पदर डोळ्यांना लावला. कस्तुराबाईने सर्वांत जास्त.

त्याच्या पुढची फेरी भाद्रपदातली. चटई पडली होती, धनश्रीचा हात हमीदाच्या हातात होता. तेवढ्यात खालच्या आळीतून रबरी भोंगा वाजला; पोंऽ पोंऽ, थोडा थांबून पुन्हा एकदा. पाववाला सकाळऐवजी दुपारी आला होता, एवढीच गोष्ट. तो वर ओट्याकडे आला नाही. भोंगा मारुतीच्या देवळाला वळसा घालून लांब गेला, आणखी लांब, आणि हिरव्या ज्वारीच्या रानात कुठेतरी विरघळून गेला.

"आई गं!" धनश्री ओरडली.

बांगडी तिच्या अंगठ्याच्या सांध्यावर रुतून बसली होती. दोन-चारची होती. धनश्रीच्या हाताला दोन-सहा लागे; हे हमीदाच्या तळव्याला धनश्री नवरी म्हणून आली त्या दिवसापासून ठाऊक होतं. साबणाचं पाणी आणलं, बांगडी निघाली, हातावर लाल वळ उठला.

"मावशी, तुमच्याकडून माप चुकलं?" धनश्रीला वेदनेपेक्षा नवल जास्त होतं.

"वय झालं," हमीदा म्हणाली. "डोळं जड झाल्यात."

"तू डोळ्यांनी कवा माप घेत व्हतीस गं?" चटईच्या कडेवरून आवाज आला. बानूबाईचे डोळे मिटलेलेच होते.

बायका पांगल्यावर हमीदाने पेटी आवरायला घेतली. दोरे बांधले, रंग वेगळे केले. म्हातारी उठली नाही.

"हमीदा."

"काय आजी?"

"कराचीत पाव मोटरसायकलवर इकत्यात व्हय?"

हमीदाचे हात थांबले. मग तिने एक दोरा सोडला आणि पुन्हा बांधला. "इकत असतील."

"आन् भोंगा वाजवत्यात?"

ऊन उतरत होतं. पेटीतल्या काचेतून आलेला पिवळा डाग म्हातारीच्या उघड्या मनगटावर पडला होता. तिने तो दुसऱ्या हाताने पुसायचा प्रयत्न केला आणि हसली.

"मला त्या तुझ्या जरीनाला एक सांगायचंय. निरोप धाडशील?"

"धाडते."

"तिला म्हनावं, आमी मेंढरं घेऊन कोकनात उतरायचो, तवा वाटंत नदी लागायची. पानी फार न्हाई, गुडघ्याएवढं. पन मेंढरू पान्याला भितं. काठावर समदी हुबी ऱ्हायची आन् वरडायची. आसं वरडायची, की नव्या मान्साला वाटावं, ही मेली तरी उतरायची न्हाईत. मग आमचं मालक एक मेंढरू धरून पान्यात घालायचं. एकच. त्ये पल्याड गेलं, की बाकीची वरडत वरडतच उतरायची. वरडनं काय थांबायचं न्हाई. पन उतरायची." तिने पसरलेले पाय जवळ घेतले. "कस्तुरीचं वरडनं ऐकून तू काठावरनं माघारी फिरलीस. जरीना गं. जरीना फिरली."

"आन् बाकीची उतरलीच न्हाईत तर, आजी? पयलं मेंढरू पल्याड एकटंच ऱ्हायलं तर?"

म्हातारीने काठी शोधली, टेकली आणि उठता उठता म्हणाली, "त्ये मी बघते. तू निरोप धाड."

दुसऱ्याच दिवशी फाट्यावर हमीदाने पेटी पुन्हा सुभानच्या हाती दिली. निकाह शिरूरला झाला, दिवाळीच्या आधी, एका शुक्रवारी, दहा-बारा माणसांत. गल्लीत जे बोलायचं ते बोलून झालं. सुफिया चार दिवस हसली आणि पाचव्या दिवशी तिने भिंतीपलीकडून ओरडायचं थांबवून दारात येऊन विचारायला सुरुवात केली, "भाबी, दूध हाय का बघू?" दौंडहून सुभानची आई आली होती. तिने हमीदाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिचा हात हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि म्हणाली, "भट्टी के सामने जलता रैता बेचारा. तुम पानी का गिलास देते ना, बस हो गया." त्याचं सामान खरोखरच जास्त नव्हतं. एक ट्रंक, एक गादी, भोंगा.

सुफियाने हट्टाने हमीदाच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. केंदूरच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी हमीदाने त्या उतरवल्या. काचेला काच लागायला नको. पण डाव्या हातातली एक तिने राहू दिली.

केंदुरात बातमी तिच्या आधी पोचली होती. तशी ती कारेगावच्या बेकरीतून पावाबरोबरच निघाली असणार. त्या दिवशी पेटी ओट्यावर आली ती सुभानच्या मोटरसायकलवरूनच, टोस्टांच्या मधून, आणि तो ती ठेवून, कुणाशी न बोलता, पुढच्या आळीला गेला. हमीदा वडापमधून उतरून चालत आली. चटई अंथरली, झाकण उघडलं. बायका आल्या. नेहमीइतक्याच आल्या, पण बसल्या त्या जरा मागे. चटई आणि त्यांच्या गुडघ्यांमधे हातभर जमीन मोकळी राहिली. कुणाचा हात पुढे आला नाही. धनश्री सासूकडे बघत होती, तिची सासू कस्तुराबाईकडे, आणि कस्तुराबाई हमीदाच्या डाव्या मनगटातल्या त्या एकुलत्या हिरव्या बांगडीकडे.

हमीदाने बांगड्यांच्या माळा बाहेर काढून मांडल्या. लाल, मोरपंखी, हिरव्या. मांडून झाल्या, तरी मांडत राहिली.

काठीचा आवाज आला. बानूबाई नेहमीप्रमाणे कडेला बसली नाही. ती बायकांमधून वाट काढत आली, त्या मोकळ्या हातभर जमिनीवर बसली आणि तिने उजवा हात हमीदापुढे धरला. तीस वर्षं त्या हातात काही गेलं नव्हतं. कातडी सैल, शिरा वर आलेल्या, मेंढरांच्या कात्रीचा जुना व्रण अंगठ्याखाली.

"भर," ती म्हणाली.

"आजी—"

"पिवळ्या दे. भंडाऱ्यावानी. दोनच भर, जास्त नगं."

"म्हातारे, खुळावलीस का?" कस्तुराबाईचा आवाज फुटला. "म्हस्कू काय म्हनंल?"

"म्हस्कू कांद्याला पानी द्यायला गेलाय. आला की इचार." बानूबाईने मान वळवली नाही. "तू वरड, कस्तुरे. वरडायला माझी ना न्हाई."

हमीदाने तो हात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. हाडं आतल्या आत सरकली, जणू वाळलेल्या शेंगेतल्या बिया. दोन-चार. तळव्याला कळलं आणि या वेळी चुकलं नाही. पहिली पिवळी बांगडी सांध्यावरून गेली तेव्हा म्हातारीने डोळे मिटले. दुसरी गेली तेव्हा उघडले. तिने हात उन्हात धरून एकदा हलवला. किणकिण इतकी बारीक होती, की ती ऐकण्यासाठी सगळ्यांनी माना पुढे केल्या.

मग ती नमस्काराला वाकू लागली. हमीदाने तिचे खांदे धरले. "नगं आजी, नगं."

"रीत हाय," म्हातारी म्हणाली आणि वाकली.

नंतर धनश्री पुढे सरकली. तिच्यामागे तिची सासू. चटई आणि गुडघ्यांमधली जमीन दिसेनाशी झाली. कस्तुराबाईने सगळ्यांत शेवटी हात पुढे केला, आणि तो देताना तोंडाने बोलणं सुरूच ठेवलं : कलियुग आलंय, म्हाताऱ्या बिघडल्यात, बांगड्या महागल्यात, आन् फाल्गुनात मोनिकाचं हाय, तिचा चुडा भरायला दोन दिस आधी यायचं, उशीर चालायचा न्हाई.

मोनिका कस्तुराबाईची धाकटी मुलगी. हमीदाने मान खाली घातली आणि कस्तुराबाईच्या मनगटात पाचवी बांगडी सरकवली.

ऊन तिरपं होत आलं. काचेतून गळलेले रंग पुन्हा लुगड्यांवर हलू लागले. कुठेतरी खालच्या आळीत भोंगा वाजला, आणि या वेळी कुणाच्या हातावर वळ उठला नाही. धनश्रीने आपल्या बांगड्या मागे सारल्या, गुडघे पोटाशी घेतले आणि नेहमीच्या सुरात, गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच विचारलं, "मावशी, मग उर्दूतल्या जरीनाचं पुढं काय झालं?"

हमीदा पेटीचे दोरे आवळत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"मला काय ठावं? तिचं ती बघंल. मी माझं लगीन केलं."